परमुलखातील इंग्रजीचा वर्ग

पदवीचा निकाल हाती पडलेला असतो, पुढील शिक्षणाचे नक्की ठरलेले नसते, कायमची नोकरीही दृष्टिपथात नसते, असा एक-दोन वर्षांचा मोकळा आणि म्हणूनच कठीण काळ बहुतेक मध्यमवर्गीय घरांत एकदा तरी येतो. पूर्वी हा काळ टंकलेखनाच्या वर्गात, बँकांच्या परीक्षांच्या तयारीत किंवा काकांच्या दुकानी गल्ल्यावर बसण्यात जात असे. अलीकडे त्यात एका नव्या विचाराची भर पडली आहे. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली, आणि क्वचित वाणिज्य वा विज्ञान शाखेचीही, मुले-मुली विचारू लागली आहेत, की एखाददुसरे वर्ष परदेशात इंग्रजी शिकवावयास जाता येईल काय? विचारणारा तरुण उत्साहात असतो. आईवडील साशंक असतात. इंग्रजांची भाषा आपल्या मुलाने तिसऱ्याच मुलखात जाऊन शिकवावयाची, ही कल्पनाच त्यांना काहीशी विपरीत वाटते.

वस्तुतः यात विपरीत काही नाही, आणि ती फारशी नवीही नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत इथिओपियातील शाळांमधून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने काम करीत होते. १९७४ साली सम्राट पदच्युत झाले, तोवर दूरदूरच्या गावांतील इथिओपियन मुलांना गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांचा पहिला परिचय भारतीय मास्तरांकडूनच होत असे. भूतानने १९६०च्या दशकात आधुनिक शिक्षणाचा पाया घातला तो इंग्रजी माध्यमातून, आणि त्या शाळा उभ्या करण्यात भारतीय शिक्षकांचा वाटा फार मोठा होता. तथापि ते शिक्षक बहुधा अनुभवी, संसारी आणि सरकारमार्फत गेलेले असत. आजच्या आपल्या प्रश्नातील मुलगा वा मुलगी बावीस-तेवीस वर्षांची आहे, अनुभव शून्य आहे, आणि तिला पाच-दहा वर्षे राहावयाचे नाही. तिला एक वर्ष हवे आहे, फार तर दोन.

अशा एका वर्षाच्या मास्तरकीची कल्पना जपानने मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. १९८७ साली तेथील सरकारने परदेशी पदवीधरांना शाळांमधून साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून आणण्याची योजना सुरू केली. ‘जेट’ या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या वर्षी ८४८ तरुण आले, आणि ते अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चारच देशांतून आले. करार एक वर्षाचा. पटल्यास वाढवून पाच वर्षांपर्यंत. जपानी शिक्षकाने वर्ग चालवावा आणि या परदेशी तरुणाने त्याच्या जोडीला उभे राहून मुलांना बोलते करावे, अशी ही व्यवस्था आहे. पुढे कोरियाने व इतरांनीही अशाच योजना काढल्या. पदवी कोणत्याही विषयाची चालते, अध्यापनाचा अनुभव नसला तरी चालतो, हे ऐकून आपल्या मुलांचे डोळे चमकतात. परंतु पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, हा प्रश्न त्यांना उशिरा सुचतो.

येथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील शिक्षणतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. इंग्रजी शिकविणारा आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची ती जन्मभाषा आहे तो, असे एक सूत्र त्या परिषदेच्या विचारांतून पुढे आले आणि जगभर रूढ झाले. १९९२ साली रॉबर्ट फिलिपसन या भाषातज्ज्ञाने त्याला सरळ भ्रम ठरविले. पण सरकारी नियम ग्रंथ वाचून बदलत नाहीत. आपल्याच श्रीनगरचे ब्रज काचरू अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अध्यापन करीत असत. १९८५ साली त्यांनी इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळे कल्पिली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिकेसारखे जन्मभाषकांचे देश. दुसऱ्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे, जेथे ती राज्यकारभारात व शिक्षणात मुरली आहे. आणि तिसऱ्यात जपान, चीन, थायलंड यांसारखे, जेथे ती परकी भाषा म्हणून शिकली जाते. आपली मुले दुसऱ्या वर्तुळातून तिसऱ्यात जाऊ पाहतात. तिसऱ्या वर्तुळातील बहुतेक देशांच्या नियमांना मात्र पहिलेच वर्तुळ हवे असते. दक्षिण कोरियाच्या भाषाशिक्षकाच्या व्हिसासाठी इंग्रजीभाषक देशांची जी यादी आहे, तीत ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका अशी सातच नावे आहेत. चीनमध्येही भाषाशिक्षकांच्या बाबतीत कल तोच. शिवाय जुलै २०२१मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि इंग्रजीच्या शिकवणीवर्गांची तेथील प्रचंड बाजारपेठ काही महिन्यांत कोसळली. त्या दिशेला पाहण्यात आता फारसा अर्थ नाही.

कोरियाच्या बाबतीत भारतीयांसाठी एक खिडकी उघडी आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. भारत व कोरिया यांच्यात ऑगस्ट २००९मध्ये व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि १ जानेवारी २०१०पासून तो अमलात आला. व्यापारी करारात मास्तरांचे काय काम, असे वाटेल. पण त्यात इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांचा समावेश आहे. अट अशी, की पदवीबरोबर अध्यापनाची अधिकृत पात्रता हवी. आपल्याकडे तिचा अर्थ बी.एड. म्हणजे पदवीनंतर लगेच ही वाट खुली होत नाही. तथापि ज्या मुलीने शिक्षकी पेशा पत्करण्याचे ठरविलेच आहे, तिने बी.एड.च्या वर्षांत ही गोष्ट ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

जपानचा नियम वेगळ्या ठिकाणी टोचतो. तेथे यादी देशांची नाही. ज्याला परकी भाषा शिकवावयाची आहे, त्याने स्वतः त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे, अशी अपेक्षा आहे. हा नियम जन्मभाषेच्या अटीपेक्षा उदार आहे, यात शंका नाही. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या भारतीय मुलास तो अडवीत नाही. अडतो तो आपला मराठी शाळेतला मुलगा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर पी.यू.सी.ची दोन आणि पदवीची तीन अशी पाच वर्षे इंग्रजी. बारा कोठून आणावयाची?

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील कार्यालयात आले. मुलगा इंग्रजी घेऊन प्रथम वर्गात बी.ए. झालेला. जपानला पाठवितो म्हणणारा कोणी मध्यस्थ त्यांना भेटला होता, आणि त्याने सांगितले होते, की मुख्याध्यापकांचे एक पत्र आणा. शाळेचे माध्यम इंग्रजी होते एवढे त्यात असले म्हणजे पुरे.

“एक ओळ तर लिहायची आहे, गुरुजी. तिकडून कोण तपासायला येणार आहे?”

“अहो, पण शाळेच्या फलकावरच ‘सरकारी मराठी शाळा’ असं दोन भाषांत लिहिलंय. ते काय पुसून टाकू?”

ते हसले नाहीत. मी त्यांना मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची कार्यालयीन प्रत काढून दाखविली. माध्यम मराठी, असे तीत स्वच्छ लिहिलेले आहे. हा दाखला आणि मी दिलेले खोटे पत्र ही दोन्ही एकाच टेबलावर आली, तर जपानचा व्हिसा तर जाईलच, पण खोटी कागदपत्रे दिल्याची नोंद पुढे कोणत्याही वकिलातीत मुलाच्या आड येईल. त्यांना ते पटले असावे; तरी त्या दिवशी ते चहा न घेता गेले. आपल्या सीमाभागात मराठी शाळेत मूल घालणे ही आजही सहज घडणारी गोष्ट राहिलेली नाही. ज्यांनी ती निष्ठेने केली, त्यांच्याच मुलांपुढे हा बारा वर्षांचा उंबरठा यावा, याचे दुःख मलाही आहे. परंतु त्या दुःखावर खोटा दाखला हे औषध नव्हे. शिवाय वाट तेथेच संपत नव्हती.

तो मुलगा पुढे थायलंडला गेला, आणि रीतसर गेला. त्या देशाची पद्धत जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण कोणत्याही शाखेच्या भारतीय पदवीधराला, मग तो मराठी माध्यमातून आलेला असो, तेथे खरोखरीच वाव आहे. नियमित शाळेत शिकविण्यासाठी पदवी आवश्यक आहे. इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा नाही, त्यांच्याकडून एखाद्या मान्य परीक्षेचे गुणपत्रक मागितले जाते. ‘टोइक’ नावाच्या परीक्षेत ९९०पैकी सहाशे किंवा अधिक गुण ही अपेक्षा सर्वसाधारण आहे. आमच्या व्याकरणात मुरलेल्या मुलांना हे गुण अवघड नाहीत. वाचनाच्या भागात ती सहज पुढे जातात. ऐकण्याच्या भागासाठी मात्र दोन-तीन महिने रोज इंग्रजी बातम्या कानांवर पडू द्याव्या लागतात. शाळा निमंत्रण देते; त्यावर थाई वकिलातीकडून नोकरीसाठीचा बिगर-स्थलांतरित ‘बी’ वर्गाचा व्हिसा मिळतो; तेथे पोचल्यावर कामाचा परवाना निघतो; आणि अध्यापनाचा रीतसर परवाना नसलेल्यांना तेथील शिक्षक परिषदेची तात्पुरती अनुज्ञा शाळा मिळवून देते. शाळेचे वर्ष मेच्या मध्यास सुरू होते आणि दुसरे सत्र नोव्हेंबरच्या आरंभी. आपल्याकडे पदवीचे निकाल जून-जुलैच्या सुमारास लागतात, हे लक्षात घेता दुसरे सत्रच आपल्या मुलांना सोयीचे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. त्याच शाळेत, त्याच वर्गांना, तेवढेच तास शिकविणाऱ्या इंग्रज वा अमेरिकन तरुणाला आपल्या मुलापेक्षा पुष्कळदा अधिक पगार असतो. फिलिपिनो शिक्षक तेथे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचीही हीच तक्रार असते. काही शाळा तर जाहिरातीतच जन्मभाषकांची अट घालतात व प्रत्यक्षात गोऱ्या कातडीकडे पाहतात. या गोष्टीचा संताप येणे स्वाभाविक आहे. पण ती ठाऊक असून गेलेल्याला तेथे धक्का बसत नाही.

भाषेच्या अंगाने मात्र मराठी मुलाला थायलंडात काही बाबी आश्चर्यकारक रीतीने सोप्या जातात. क आणि ख, प आणि फ, त आणि थ हा भेद इंग्रजी माणसाच्या कानाला जाणवत नाही. थाई भाषेत तो आहे, आणि आपण तर बाराखडीपासून तो घोटलेला. देशाच्या नावातला पहिला वर्ण आपला शुद्ध ‘थ’ आहे. उलट र आणि ल यांची अदलाबदल आणि शब्दाच्या अखेरचे व्यंजन गिळण्याची सवय हे थाई मुलांचे नेहमीचे अडथळे. ते दूर करताना आपल्या मुलाला स्वतःचे अडथळेही आठवतात. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोहोंना आपण एकाच ‘व’ने निभावून नेतो, आणि शब्दारंभीच्या ‘पी’चा उच्चार आपल्या ‘प’पेक्षा ‘फ’कडे झुकणारा असतो, हे आपल्याला कोणी शाळेत सांगितलेले नसते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने जूनमध्ये दूरध्वनी केला तेव्हा त्याला एक नवल सांगावयाचे होते. शाळेत गुरुपूजनाचा दिवस झाला होता. ‘वाय ख्रू’ असे त्या समारंभाचे नाव. ‘ख्रू’ म्हणजे शिक्षक. शब्द आपल्या ‘गुरु’पासून आलेला. समारंभ बहुधा गुरुवारी करतात. थाई भाषेतील त्या वाराचे नावही बृहस्पतीवरूनच पडले आहे. मुलांनी गुडघ्यांवर येऊन शिक्षकांपुढे फुले ठेवली, आणि त्या गुच्छांत दूर्वा होत्या. “सर, दूर्वा!” असे तो दोनदा म्हणाला. वडिलांनाही त्याने हेच सांगितले असावे. कारण पुढच्याच आठवड्यात ते शाळेत आले, आणि या वेळी चहा घेऊन गेले.

ज्यांनी महाविद्यालयात फ्रेंच घेतली आहे, त्यांच्यासाठी याहून सरळ आणि निर्धास्त अशी एक वाट आहे, आणि गोवा, बडोदे व हैदराबाद येथील वाचकांनी ती विशेष लक्षात घ्यावी. तेथील विद्यापीठांत फ्रेंच नीट शिकविली जाते. हैदराबादची १९५८ साली स्थापन झालेली इंग्रजी संस्था तर आता इंग्रजी व परकी भाषांचे केंद्रीय विद्यापीठच आहे. फ्रान्सचे सरकार निरनिराळ्या देशांतून भाषा-साहाय्यक बोलावते. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. भारतीय पदवीधरांनाही इंग्रजीचे साहाय्यक म्हणून या योजनेत घेतात. मुदत ऑक्टोबर ते एप्रिल अशी सात महिन्यांची. आठवड्याला बारा तास काम. नेमणूक प्राथमिक वा माध्यमिक शाळेत. पूर्ण वर्गाची जबाबदारी मूळ शिक्षकाची. साहाय्यकाने लहान लहान गट घेऊन संभाषण करावयाचे, आपल्या देशाची माहिती द्यावयाची, मुलांची भीड मोडावयाची. फ्रेंचचे मध्यम प्रतीचे तरी ज्ञान हवे, कारण गावात घर शोधण्यापासून शिधा आणण्यापर्यंत सारे त्याच भाषेत चालते. अर्ज फ्रेंच दूतावासाच्या सांस्कृतिक विभागामार्फत हिवाळ्यात करावा लागतो, म्हणजे निघण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. जी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत हा विचार करील, तिलाच तो वेळेवर सुचला असे म्हणता येईल.

भत्ता हातात येतो तो दरमहा सुमारे आठशे युरोंच्या घरात. रुपयांत गुणाकार करून कोणी हुरळून जाऊ नये. पॅरिसमध्ये त्यात खोलीचे भाडेही धडपणे भागत नाही. लहान गावात, आणि शाळेनेच राहावयास जागा दिल्यास, काटकसरीने निभावते. नेमणूक कोठे होईल ते सर्वस्वी आपल्या हाती नसते. प्रवासखर्च आपला. थोडक्यात, या सात महिन्यांतून पैसा शिल्लक पडत नाही. फ्रेंच मात्र अशी पक्की होते, की तशी ती येथे चार वर्षांत होणार नाही. पुढे ज्याला फ्रेंचचा अध्यापक वा दुभाषा व्हावयाचे आहे, त्याला हा सौदा फायद्याचाच.

आखाती देशांतील भारतीय शाळांविषयी पुष्कळ पालक विचारतात. तेथे केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळा अनेक आहेत, पण त्यांना बी.एड. आणि काही वर्षांचा अनुभव लागतो, आणि एका वर्षासाठी येणारे माणूस त्यांना नको असते. त्या नोकऱ्यांचा विचार वेगळ्या वयात करावा. गोव्यातील काही कुटुंबांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहेत, आणि त्यांच्या मुलांना युरोपात नोकरीची मुभा आहे, हे खरे. परंतु भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. केवळ दोन वर्षांच्या मास्तरकीसाठी कोणी तो रस्ता धरू पाहत असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला शांतपणे बसवून चार गोष्टी विचाराव्यात, एवढेच मी म्हणेन.

आता शिकविण्याविषयी. आपल्या दोन-तीन पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे, मग नियम सांगावा. त्या पद्धतीने व्याकरण पक्के होई, यात वाद नाही. पण थायलंडातील मास्तराला थाई येत नाही, आणि मुलांना इंग्रजी येत नाही. भाषांतराचा पूलच मुळी नाही. तेथे चित्र, हावभाव, खेळ, गाणे, प्रश्नोत्तर यांवरच सारी भिस्त. वर्तमान, भूत, भविष्य यांचे तक्ते फळ्यावर उत्तम मांडणारा आपला प्रथम वर्गातील पदवीधर पहिल्या दिवशी पन्नास मुलांपुढे मूक होतो, तो यामुळे. यासाठी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम निघाले आहेत. केंब्रिज विद्यापीठाशी संबंधित असलेला ‘सेल्टा’ हा त्यांत सर्वाधिक मान्यता पावलेला. पूर्ण वेळ केल्यास तो साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि त्यात खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास पाठ घ्यावे लागतात. ते निरीक्षकासमोर होतात आणि त्यांवर टीका होते. तो महागही आहे. त्याउलट ‘एकशेवीस तासांचे प्रमाणपत्र’ शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत घरबसल्या देणारेही आहेत. एकशेवीस तास दोन दिवसांत कसे बसतात, हे गणित आमच्या चौथीच्या मुलालाही घालता येईल. पैसे भरण्यापूर्वी माझी सूचना अशी, की तीन महिने आपल्याच गल्लीतील दहा-बारा मुलांना रोज संध्याकाळी एक तास इंग्रजी बोलावयास शिकवावे, आणि त्या तासात मराठीचा एकही शब्द उच्चारू नये. तीन महिन्यांनंतरही मुले येत असतील, तर पुढचा खर्च करण्यास हरकत नाही.

सीमाभागातील आणि परप्रांतातील मराठी मुलांचे एक भांडवल मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. आमच्याकडचा मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, दूरदर्शनवर हिंदी ऐकतो, पुस्तकात इंग्रजी वाचतो. परकी लिपी प्रथम पाहताना डोळ्यांना काय होते, परक्या भाषेत चुकल्यावर वर्ग हसला की कसे वाटते, हे त्याने स्वतः भोगलेले असते. लंडनमध्ये जन्मून एकच भाषा बोलणाऱ्या तरुणाला ते कळावयास वेळ लागतो. हैदराबादच्या मराठी घरातील मुलीला तेलुगू-उर्दूमुळे हे असेच अवगत असते. मुलाखतीत ही गोष्ट संकोच न करता सांगावी.

कागदपत्रांत पुष्कळांचे महिने वाया जातात. तात्पुरते पदवी-प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. पदवीदान समारंभानंतरचे मूळ प्रमाणपत्र लागते. त्यावर ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाकडून घ्यावा लागतो. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ साली सामील झाला. जे देश त्या करारात नाहीत, त्यांच्यासाठी वकिलातीचे वेगळे साक्षांकन लागते. पण मंत्रालयाआधी, ज्या राज्यातील विद्यापीठाने पदवी दिली त्या राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याची साक्ष लागते. बेळगावात राहून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांनी बंगळुरूला हेलपाटा घालण्यात अर्थ नाही. त्यांचे काम महाराष्ट्रात होते. इंदूरचा जो मुलगा पुण्याला शिकला, त्याचीही गोष्ट तीच. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचे नाव गळलेले, कोठे आद्याक्षरे. आपल्या घराघरांत हा घोळ आहे. निघण्याच्या सहा महिने आधी सर्व कागद टेबलावर मांडून नावाचे एकेक अक्षर जुळवून पाहावे. पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. इंग्रजीच्या परीक्षांचे गुणपत्रक साधारणपणे दोनच वर्षे चालते. म्हणून ते फार आधी काढून ठेवू नये.

मध्यस्थांच्या बाबतीत सावधगिरी हवी, आणि ती भाबड्या विश्वासाने राहत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्याने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदलेल्यांची यादी मंत्रालय प्रसिद्ध करते. अशा नोंदलेल्या मध्यस्थानेही उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा घातलेली आहे. कोणी दोन लाख मागत असेल, तर तो कशाचे मागतो आहे हे लेखी विचारावे. बहुधा उत्तर येत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसाविना प्रवेश दिला, आणि ‘आधी या, कागद नंतर करू’ असे सांगणाऱ्यांचे फावले. पर्यटक म्हणून गेलेल्याने शिकविणे हा तेथे गुन्हा आहे. शाळा दंड भरून मोकळी होते, मुलगा कोठडीत बसतो. याहून भयंकर प्रकार सप्टेंबर २०२२मध्ये उजेडात आला. थायलंडमधील चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून सुशिक्षित भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेले जाते आणि संगणकावरून लोकांना फसविण्याच्या कामाला जुंपले जाते, असा इशारा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला द्यावा लागला. म्हणून शाळेचे नाव, गाव, मुख्याध्यापकाची सही आणि व्हिसा या चारही गोष्टी येथे हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. आणि पोचल्यावर आपला पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवावयास देऊ नये.

करारात आठवड्याचे तास किती, सुटीच्या महिन्याचा पगार मिळतो की नाही, राहण्याची जागा कोणाची, आजारपणाचा विमा आहे का, परवान्याचे शुल्क कोणी भरावयाचे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. पहिला पगार हाती पडेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. तेवढ्या काळाच्या खर्चाची आणि परतीच्या तिकिटाची रक्कम निराळी ठेवूनच मुलाला पाठवावे. मुलीला एकटीला कसे पाठवावे, हा प्रश्न आया मला विचारतात. मुलगी बंगळुरूला वा पुण्याला एकटी राहिलेली असेल, तर ती शाळेच्या नेमणुकीवर एखाद्या फ्रेंच गावातही राहू शकते, असे मी त्यांना सांगतो. ज्या मुलीने घराबाहेर एक रात्रही काढलेली नाही, तिने आधी देशातल्या देशात वर्षभर राहून पाहावे. मुलांनाही हेच लागू आहे. त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

परतताना एक काम विसरण्यासारखे आहे. शाळेतून अनुभवाचा दाखला इंग्रजीत, शिक्क्यासह, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, वर्ग आणि आठवड्याचे तास यांसह, निघण्यापूर्वीच मागून घ्यावा. आमच्या विद्यार्थ्याने तो आणला आहे. दोन वर्षांचे तास त्यात मोजून दिलेले आहेत, आणि खाली थाई लिपीतील मुख्याध्यापकांची सही आहे. या जूनपासून तो धारवाडला बी.एड. करतो आहे.